वर्षभरात झिंक झिजलंच नाही, मग ड्राइव्ह का खाल्ला जातोय?

प्रश्न : आम्हा दोघा भावांची काटोलजवळ संत्र्याची बाग आहे, राहायला नागपुरात. मागच्या दिवाळीनंतर अलिबागहून २४ फुटी जुनी फायबरची मोटरबोट घेतली आणि परवानगी काढून रामटेकजवळ खिंडसीत ठेवली. आत डिझेल इंजिन, मागे ॲल्युमिनियमचा स्टर्नड्राइव्ह (इंजिनची ताकद पंख्यापर्यंत नेणारा, बोटीच्या मागे पाण्यात असणारा गिअरचा भाग), पंखा स्टेनलेसचा. घेतानाच चारही झिंक, म्हणजे ड्राइव्ह गंजू नये म्हणून लावतात ते जस्ताचे तुकडे, नवे बसवले होते. यंदा बोट बाहेर काढली तर झिंक जसेच्या तसे, वर फक्त पांढुरकी साय. मेकॅनिक म्हणाला, माल चांगला आहे, अजून दोन वर्षं बघायला नको. पण पंख्याजवळ ड्राइव्हचा रंग फुगलाय, खाली पांढरी भुकटी आणि ज्वारीच्या दाण्याएवढे खड्डे. घरच्या आरओसाठी घेतलेल्या टीडीएस मीटरवर तलावाचं पाणी २१० दाखवतं. इतक्या गोड्या पाण्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातंच कसं? आणखी दोन झिंक वाढवावेत का? हिंगण्याला ओळखीची फाउंड्री आहे, तिथे ओतून मिळतील. ड्राइव्ह रंगवताना झिंकवरही हात फिरवला तर चालेल का? धक्क्यावर बॅटरी चार्जर कायम लावलेला असतो. जानेवारीत बोट दहा-बारा दिवस मालवणला न्यायचा विचार आहे.
— दोघे भाऊ, नागपूर

उत्तर : झिंक वाढवू नका. आहेत तेही काढा आणि त्या जागी मॅग्नेशियमचे ॲनोड बसवा. तलावात ही बोट ठेवायची असेल तर दुसरा पर्याय नाही.

मेकॅनिकने झिंकची परीक्षा उलटी केली. ॲनोड हा झिजण्यासाठीच बसवलेला तुकडा असतो. तो जितका झिजला तितकं ड्राइव्हचं झिजणं वाचलं. समुद्रातल्या बोटीवर वर्षभराने ॲनोड निम्म्यावर यावा अशी अपेक्षा असते आणि निम्मा झाला की तो बदलतात. वर्षभर पाण्यात राहून ॲनोड जसाच्या तसा निघाला, तर तो कामावर नव्हता एवढाच अर्थ निघतो. त्याच्या वाटणीचं झिजणं ड्राइव्हने सोसलं, ते खड्डे त्याचेच.

यातलं विज्ञान तुमच्या बागेतच आहे. फवारणीसाठी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण केलं की त्यात विळ्याचं लखलखीत पातं बुडवून पाहतात. पात्यावर तांबडा थर चढला तर चुना कमी पडला असं समजायचं. तो थर मोरचुदातल्या तांब्याचा असतो आणि तो चढतो तेव्हा पात्यातलं लोखंड विरघळून पाण्यात जातं. दोन धातू एकाच पाण्यात विजेने जोडले गेले की त्यांतला हलका पडणारा स्वतः विरघळतो आणि दुसरा सुरक्षित राहतो. बोटीत तुमचा स्टेनलेसचा पंखा शाफ्टमार्गे ॲल्युमिनियमच्या ड्राइव्हला जोडलेला आहे. पंख्यावर तांबं चढत नाही, तिथे पाण्यात विरघळलेला प्राणवायू इलेक्ट्रॉन उचलतो. पण ते इलेक्ट्रॉन पुरवणारं, म्हणजे खाल्लं जाणारं, ॲल्युमिनियमच असतं.

आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. समुद्राच्या पाण्यात सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडशी तुलना केली तर चांगलं स्टेनलेस शून्य ते उणे ०.१ व्होल्टच्या आसपास असतं, ड्राइव्हचं ॲल्युमिनियम साधारण उणे ०.७५, जस्त उणे १.०३, ॲनोडसाठी बनवलेला ॲल्युमिनियमचा मिश्रधातू उणे १.१ आणि मॅग्नेशियम उणे १.५ ते १.६. ज्याचा आकडा जास्त उणे, तो आधी झिजतो. म्हणजे जस्त ड्राइव्हच्या खाली आहे, नियमाने त्यानेच झिजायला हवं होतं. मग का झिजलं नाही?

उत्तर तुमच्या टीडीएस मीटरने दिलंय. समुद्राचं पाणी साधारण ३५,००० भरतं, तुमचं २१०. म्हणजे क्षार दीडशेपटीहून कमी आणि वीज वाहून नेण्याची पाण्याची ताकदही त्याच मानाने कमी. जस्त आणि ड्राइव्ह यांच्यातला फरक जेमतेम पाव व्होल्टचा. खाऱ्या पाण्यात तो पाव व्होल्ट भरपूर होतो. गोड्या पाण्यातून मात्र तो पुरेसा प्रवाह ढकलू शकत नाही. शिवाय गोड्या पाण्यात जस्तावर त्याच्याच हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेटचा पांढरा थर घट्ट बसतो. तीच तुमची साय. ती एकदा धरली की आतलं जस्त पाण्याला शिवतच नाही. मॅग्नेशियम आणि ड्राइव्ह यांच्यात पाऊण व्होल्टचा फरक आहे, तो गोड्या पाण्यालाही पुरून उरतो.

खड्डे पंख्याजवळच का पडले, हेही यातूनच उलगडतं. समुद्रात प्रवाह दूरवर पसरतो आणि झीज पातळ होऊन सगळीकडे वाटली जाते. गोड्या पाण्यात प्रवाहाला लांब जाता येत नाही, म्हणून दोन धातूंच्या सांध्यालगतच तो सगळा जोर काढतो. एकूण धातू कमी जातो, पण एकाच ठिकाणी खोल जातो. ड्राइव्हसारख्या पातळ कवचाला हे जास्त घातक, कारण आत गिअर ऑइल आहे. आजच ऑइलची काडी काढून पाहा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी आत शिरलंय. ते सीलमधून आलंय की खड्ड्यातून, हे तपासल्याशिवाय बोट परत पाण्यात टाकू नका.

याच कारणाने गोड्या पाण्यात ॲनोड संरक्षण द्यायच्या भागाच्या जवळच लागतो. स्टर्नड्राइव्हवर साधारण चार ठिकाणं असतात : पंख्यामागच्या बेअरिंग कॅरिअरवर किंवा त्याच जागेभोवती कडं, पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीखाली ठोकळा, ट्रिमच्या (ड्राइव्ह वर-खाली करणाऱ्या) दोन्ही सिलिंडरांवर कडी आणि ट्रान्समवरच्या (बोटीच्या मागच्या भिंतीवरच्या) कंसाखाली पट्टी. मॉडेलप्रमाणे फरक पडतो. मागवताना ड्राइव्हवरच्या पाटीचा मॉडेल आणि सिरियल नंबर द्या, ‘मॅग्नेशियम, गोड्या पाण्यासाठी’ असं स्पष्ट लिहा आणि पूर्ण संच घ्या. एक मॅग्नेशियमचा आणि तीन जुने जस्ताचे, असं कधीच ठेवू नका. मॅग्नेशियम आधी त्या जस्ताचंच रक्षण करत बसेल आणि ड्राइव्हच्या वाट्याला उरलंसुरलं येईल.

संच मुंबईहून किंवा बाहेरून यायला वेळ लागला तर तोवरची सोय नागपुरातच होते. गिझरच्या टाकीतला मॅग्नेशियमचा रॉड सुट्या भागांच्या दुकानात मिळतो. त्याच्या मधून पोलादी सळई गेलेली असते. सळईच्या बाहेर निघालेल्या टोकाला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घट्ट जोडा, दुसरं टोक ड्राइव्हशी जोडलेल्या उघड्या धातूला किंवा इंजिनच्या अर्थ बोल्टला जोडा आणि बोट उभी असताना रॉड ड्राइव्हपासून फूट-दीड फुटावर पाण्यात सोडा. सळई आणि वायरचा जोड पाण्याच्या वर राहिला पाहिजे, नाहीतर पहिला तोच खाल्ला जाईल. बोट चालवायच्या आधी रॉड वर घ्यायचा, हे चावीच्या दोऱ्यालाच चिठ्ठी बांधून ठेवा. ही तात्पुरती सोय आहे, संच आला की बंद.

फाउंड्रीचा विचार सोडा. ॲनोडचं जस्त साधं नसतं. त्यात लोखंड ०.००५ टक्क्यांहून जास्त चालत नाही, कारण त्याहून थोडंही वाढलं की झिजताना पृष्ठभागावर न विरघळणारी खपली धरते आणि ॲनोड झोपतो. शिवाय ०.१ ते ०.५ टक्का ॲल्युमिनियम आणि ०.०२५ ते ०.०७ टक्का कॅडमियम मुद्दाम घातलेलं असतं. लोखंडी मुशीत भंगारातलं जस्त वितळवलं की ही मर्यादा तिथेच ओलांडली जाते. ओळखीचा माणूस कितीही चोख असला तरी त्याला हे डोळ्यांनी कळणार नाही. मॅग्नेशियम तर त्याच्याकडे मुळीच वितळवायला देऊ नका, ते पेट घेतं आणि पाण्याने विझत नाही, उलट भडकतं. याच कारणाने मॅग्नेशियमच्या ॲनोडवर ग्राइंडरही चालवायचा नाही.

आता रंग. ॲनोडवर रंगाचा एक थेंबही नको. रंगवलेला ॲनोड आणि न बसवलेला ॲनोड यांत काही फरक नाही. ड्राइव्ह मात्र जरूर रंगवा आणि मनापासून रंगवा, कारण उघडा धातू जितका कमी तितकं ॲनोडवरचं ओझं कमी. फक्त तळाला शेवाळ धरू नये म्हणून मिळणारे बरेच रंग तांब्याचे असतात, ते ॲल्युमिनियमवर चालत नाहीत. पात्यावरचा तांबडा थर आठवा, तेच इथे ड्राइव्हवर होईल. डब्यावर ‘ॲल्युमिनियमसाठी, तांबेविरहित’ असं लिहिलेलं असेल तरच घ्या. तुमची ट्रॉली आणि अवजारं बागेतून येत असतील तर फवारणीचा पंप आणि मोरचुदाची बादलीही बोटीपासून लांब ठेवा.

काम करताना क्रम असा धरा. बोट ट्रॉलीवर घ्या, ड्राइव्ह भरपूर पाण्याने धुऊन वाळवा. जुने झिंक काढा. फुगलेला रंग खरवडून काढा, नुसता वरून रंग मारून झाकू नका, आत पाणी कोंडलं की खड्डा आणखी खोल जातो. पितळी किंवा साध्या लोखंडी तारेचा ब्रश ॲल्युमिनियमवर फिरवायचा नाही. त्याचे कण रुतून बसतात आणि प्रत्येक कण नव्या खड्ड्याची सुरुवात करतो. ८० नंबरचा पॉलिश पेपर, नंतर १८०. खड्ड्यातली पांढरी भुकटी टोकदार लाकडी काडीने पूर्ण निघाली पाहिजे. भित्तीच्या निम्म्याहून खोल गेलेला खड्डा घरी बुजवू नका, तो वेल्डिंगचं काम जाणणाऱ्याकडे द्या. बाकीचे मरीन इपॉक्सीने भरा, घासा, लगेच इपॉक्सी प्रायमर लावा. घासलेल्या ॲल्युमिनियमवर तासाभरातच पुन्हा थर चढू लागतो, म्हणून प्रायमर दुसऱ्या दिवसावर टाकू नका. आणि हे काम भर दुपारच्या उन्हात नको, तापलेल्या धातूवर प्रायमर नीट पसरण्याआधीच सुकतो.

ॲनोड जिथे टेकतो ती जागा मात्र रंगवायची नाही. तिथे चकचकीत उघडा धातू हवा, बोल्टच्या डोक्याखालीही. बोल्ट स्टेनलेसचेच, वर स्प्रिंग वॉशर. ग्राफाइट ग्रीस वापरू नका, ग्राफाइटचा आकडा स्टेनलेसहूनही वरचा आहे. बोल्ट आवळा, ॲनोडवर लाकडी हातोडीने दोन-चार टोले द्या, मग परत आवळा. दुसऱ्या वेळी बोल्ट हमखास पाव फेरा तरी फिरतो. आठ-दहा दिवसांनी आणखी एकदा पाहा.

मग मल्टिमीटर ओहमवर ठेवा. आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून मीटरची स्वतःची चूक टिपा, नंतर एक टोक ॲनोडला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. चूक वजा करून ०.२ ओहमच्या आत यायला हवं. एक ओहमवर गेलं तर जोडणी धरूच नका. स्टर्नड्राइव्हमध्ये वरचा, मधला आणि खालचा भाग जोडणाऱ्या छोट्या वेणीदार वायर असतात, त्या जुन्या बोटीत बहुतेक वेळा तुटलेल्या सापडतात. प्रत्येक ॲनोडपासून प्रत्येक भागापर्यंत वेगळं मोजा. तुटलेल्या वायरच्या पलीकडचा भाग अनाथ असतो, शेजारी कितीही चांगला ॲनोड असला तरी त्याला उपयोग नाही.

खरी परीक्षा पाण्यात. सिल्व्हर क्लोराइडचा इलेक्ट्रोड समुद्रासाठी ठीक, गोड्या पाण्यात क्षार कमी असल्याने त्याचा आकडा सरकतो. तलावासाठी तांबं-मोरचूद इलेक्ट्रोड बरा आणि तो तुमच्याकडे घरीच होईल. अर्धा इंची प्लास्टिकची नळी घ्या, खालच्या तोंडात भिजवलेली लाकडी खुंटी घट्ट बसवा, आत मोरचुदाचं इतकं दाट द्रावण भरा की तळाला न विरघळलेले खडे दिसत राहतील आणि त्यात घासून लख्ख केलेली जाड तांब्याची तार वरून सोडा. मल्टिमीटर डीसी २ व्होल्टवर, काळं टोक या तारेला, लाल ड्राइव्हच्या उघड्या धातूला, नळीचं लाकडी टोक ड्राइव्हपासून फूटभर दूर पाण्यात. नळी ड्राइव्हवर सांडू देऊ नका, कारण उघडंच आहे.

चार्जर काढून, एकही ॲनोड न बसवता बोट रात्रभर पाण्यात ठेवा आणि सकाळी आकडा लिहा. मग मॅग्नेशियम बसवून पुन्हा रात्रभर ठेवा आणि लिहा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा किमान ०.२ व्होल्टने जास्त उणे हवा. तेवढा सरकला नाही तर ॲनोड कमी पडतोय किंवा जोडणी सैल आहे. या इलेक्ट्रोडवर तो उणे १.२० च्या खाली मात्र जाता कामा नये. ॲल्युमिनियमला अति संरक्षणही बाधतं. त्याच्या पृष्ठभागालगतचं पाणी अल्कलीयुक्त होतं, रंग सुटतो आणि धातूच विरघळू लागतो. तसं झालं तर सगळ्यात मोठ्या ॲनोडच्या जागी छोटा बसवा.

आता चार्जर. तुमच्या पत्रातली ही ओळ सगळ्यात जास्त काळजीची आहे. धक्क्यावरच्या विजेची हिरवी अर्थ वायर तुमच्या ड्राइव्हला धक्क्याच्या लोखंडी खांबांशी आणि शेजारच्या प्रत्येक बोटीशी जोडते. त्या सगळ्यांचा ॲनोड मग तुमचा ड्राइव्ह होतो. नवे मॅग्नेशियमही अशाने काही महिन्यांत संपतील. पण म्हणून ती हिरवी वायर कापू नका, कुणी सांगितलं तरी नाही. चार्जरमध्ये गळती झाली तर वीज बोटीच्या धातूतून पाण्यात उतरते आणि गोड्या पाण्यात पोहणाऱ्याच्या अंगातून जाते. माणसाचं शरीर गोड्या पाण्यापेक्षा चांगलं वाहक आहे, म्हणून तलावातला असा झटका समुद्रातल्यापेक्षा जास्त जीवघेणा ठरतो. स्नायू आखडतात आणि माणूस ओरडण्याआधी बुडतो. धक्क्याच्या जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आहे का, ते आधी बघा, आणि चार्जर लावलेला असताना बोटीजवळ मुलांना पोहू देऊ नका.

झिजेपुरता उपाय म्हणजे अर्थ वायरमध्ये गॅल्व्हॅनिक आयसोलेटर. त्यात डायोडच्या जोड्या असतात. त्या साधारण १.२ व्होल्टपर्यंतचा बारीक प्रवाह अडवतात आणि खरा बिघाड झाला तर वीज जाऊ देतात. पण तुम्हाला याहून सोपं सांगतो : नागपूरचं ऊन आहे, बोटीच्या छतावर ५० वॅटचं सोलर पॅनेल आणि कंट्रोलर लावा, धक्क्याची वायर कायमची सोडा. उभ्या बोटीची बॅटरी भरलेली ठेवायला ते पुरतं. एकदा बॅटरीचा मुख्य स्विच बंद करून बॅटरीच्या धन टोकाशी मालिकेत मिलिअँपिअरमीटरही लावून बघा. स्विच वगळून थेट जोडलेला तळातला पाणी-पंप सोडला तर आकडा शून्य यायला हवा. त्या पंपाच्या वायरचा जोड तळातल्या पाण्यात बुडालेला असेल तर बॅटरीचे १२ व्होल्ट थेट पाण्यात उतरतात. अशी झीज महिन्यांत नाही, दिवसांत दिसते.

मालवणबद्दल. तलावातले मॅग्नेशियम खाऱ्या पाण्यात काही आठवड्यांत संपतील आणि ड्राइव्हचा नवा रंगही फुगवतील. एक-दोन दिवसांची फेरी असती तर तसंच चाललं असतं. दहा-बारा दिवसांसाठी ॲल्युमिनियमच्या ॲनोडचा संच सोबत न्या आणि मालवणला बोट उतरवण्याआधी ट्रॉलीवरच बदला. जस्तही चालेल, पण ॲल्युमिनियम हलकं आहे आणि खाडीतल्या निमखाऱ्या पाण्यातही जागं राहतं. परत आल्यावर ड्राइव्ह आणि इंजिनची पाण्याची वाट गोड्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, तो संच काढून कागदात गुंडाळून ठेवा, मॅग्नेशियम परत लावा.

किती टिकेल याचा हिशेब सोपा आहे. समजा ड्राइव्हला सतत ५० मिलिअँपिअर लागतात. वर्षाचे तास ८,७६०, म्हणजे ४३८ अँपिअर-तास. जस्त किलोला सुमारे ७८० देतं, मॅग्नेशियम सुमारे १,१०० आणि ॲल्युमिनियमचा मिश्रधातू सुमारे २,५००. म्हणजे वर्षाला जस्त ५६० ग्रॅम, मॅग्नेशियम ४०० आणि ॲल्युमिनियम १७५ ग्रॅम. मॅग्नेशियमचा निम्मा भाग कुणाचंही रक्षण न करता पाण्यातच वाया जातो, तो या आकड्यात धरलेला आहे. बसवण्याआधी प्रत्येक ॲनोड स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलून लिहून ठेवलंत तर तुमचा प्रवाह किती हे होळीला आपोआप कळेल. तेव्हा काढून, साय धुऊन, वाळवून परत तोला. मे महिन्यात तलावाचं पाणी आटून क्षार थोडे वाढतात, पाणी तापतं, झीज वेग घेते, म्हणून मृगाआधी बोट बाहेर काढाल तेव्हा आणखी एकदा. निम्मं वजन गेलेला ॲनोड पुढच्या हंगामाला ठेवू नका. आणि एखादा मुळीच न झिजलेला निघाला तर त्याचं वजन बघत बसू नका, मीटर घेऊन त्याची जोडणी शोधा.